बाहुल्याचे दात

लोक मला विचारतात, "सध्या काय नवीन?" आणि उत्तर पूर्ण व्हायच्या आत घड्याळाकडे बघायला लागतात. त्यांचा दोष नाही, उत्तर लांबतंच. सध्या मी पेन्सिलीने माणसांचे चेहरे काढायला शिकतेय, जुनी पुस्तकं उसवून पुन्हा बांधतेय, रंगीत काचेचे तुकडे जोडून एक मासा करतेय ज्याला अजून शेपूट नाही, आणि जुन्या शिलाई मशीनच्या पायडलवर कुंभाराचं चाक बसवायचं माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. नवरा म्हणतो, आपल्या घरात मागच्या बाजूला आहे ती खोली नाही, आजार आहे. माझ्यासाठी घरात एक म्हणही वापरतात. ती इथे लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक असणारच.

मला त्याचं काही वाटत नाही. सगळं अर्धवट का सोडतेस, असं कुणी विचारलं की मी सांगते, पोट भरल्यावर मी ताटावरून उठते, तुम्ही बसून राहता का?

पोटासाठी मात्र मी दात करते. कवळ्या, अर्ध्या कवळ्या, एखादा सुटा दात, जे लागेल ते. डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओतून जबडा काढते, मेणात दात मांडते, रंग जुळवते आणि पक्की कवळी करून परत धाडते. हे काम मी कधीच अर्धवट ठेवत नाही. माझ्या हातचे दात लावून लोक सफरचंदं खातात. आणि माझे सगळे छंद याच टेबलावरून सुरू झालेत. मेण उरलं म्हणून पुतळे झाले, बारीक कानस हाताशी होती म्हणून लाकूड आलं, एकातून दुसरं निघत गेलं.

माझा मोठा भाऊ माझ्या अगदी उलट. दादाने आयुष्यात ट्रम्पेट वाजवला आणि बाकी काहीही केलं नाही. म्हणजे नोकरी केली, पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात मीटर तपासून तो निवृत्त झाला, पण ते काही त्याने मनावर घेतलं नव्हतं. बागेतल्या गोल चौथऱ्यावर रविवारी संध्याकाळी नगरपालिकेचा बँड वाजतो, त्यात पहिली खुर्ची, म्हणजे मुख्य वादकाची जागा, दादाची. मी लहानपणापासून बघतेय, त्याने कधी चित्र काढलं नाही, खिळा ठोकला नाही, साधं पत्त्यांचं घर बांधलं नाही. एकदा मीही हौसेने त्याच्याकडे ट्रम्पेट शिकायला गेले. सहा महिन्यांनी त्याला सांगितलं, मला आता बाहुले करायचेत. त्याने माझ्या हातातून ट्रम्पेट काढून घेतला आणि फडक्याने पुसला, जणू मी तो विटाळला होता.

या हिवाळ्यात सरावाहून परतताना बँडच्या हॉलच्या दगडी पायऱ्यांवरून त्याचा पाय घसरला. पडताना माणूस हात पुढे करतो. दादाने दोन्ही हातांनी ट्रम्पेट छातीशी धरला आणि तोंडावर आपटला. ट्रम्पेटला साधा पोचाही आला नाही. दादाचे वरचे पुढचे चार दात गेले.

बँडमास्तर भला माणूस. तो घरी येऊन सांगून गेला की बागेतला हंगाम सुरू होईपर्यंत पहिली खुर्ची मी रिकामी ठेवतो, पण पहिल्या कार्यक्रमाला तिथे कुणीतरी बसलेलं लागेल. त्या खुर्चीवर एकदा दुसरं कुणी बसलं की पुन्हा उठत नाही, हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं. दादाही तिथे असाच बसला होता.

आता हे दात मी दुसऱ्या कुणाला करू देणार होते का? डॉक्टरीणबाईंनी जखमा भरल्यावर ठसा घेतला आणि माझ्याकडे देताना म्हणाल्या, "भाऊ तुमचा आहे, मी मध्ये पडत नाही."

दादाचा डावीकडचा पुढचा दात लहानपणापासून शेजारच्या दातावर चढलेला होता. शाळेत पोरं त्याला 'फाटक' म्हणायची. एक झडप पुढे, एक झडप मागे. बाराव्या वर्षी आरशासमोर उभा राहून तो दात अंगठ्याने मागे ढकलताना मी त्याला पाहिलंय. मोठेपणीही फोटो काढायची वेळ आली की तो ओठ मिटून घ्यायचा. लग्नाच्या फोटोतसुद्धा तो दात दुखत असल्यासारखा उभा आहे. म्हणून मी माझं सगळं कसब पणाला लावलं आणि त्याला त्या बाराव्या वर्षी हवे होते तसे चार दात केले. सरळ, एका ओळीतले, रंग असा जुळवलेला की शेजारच्या खऱ्या दातांनी लाजावं. बाजूच्या दातांना धरून राहणारे तारेचे आकडेही दिसणार नाहीत असे बसवले.

वहिनी बघतच राहिली. म्हणाली, "अगोबाई, हा असा होता तर मी लग्नाला एवढे आढेवेढे घेतलेच नसते." दादा आरशात हसून बघत होता. तोंड उघडून. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

मग त्याने ट्रम्पेट ओठाला लावला आणि फुंकर मारली. फुस्स. सायकलच्या ट्यूबमधून निघतो तसा आवाज.

"सवय होईल," मी म्हणाले. नाही झाली. मी दातांच्या कडा घासून गोल केल्या. मागची जाडी कमी केली. आकडे सोडले, आवळले, जागा बदलून पाहिली. दर खेपेला तो ट्रम्पेट घेऊन माझ्या कामाच्या टेबलासमोर उभा राहायचा, एखादा सूर यायचा, थरथरायचा आणि तुटायचा. "सरकतंय," तो म्हणायचा. कवळी जागच्या जागी असायची, मी बोट लावून बघायचे. "काय सरकतंय?" "ते मला कळलं असतं तर तुझ्याकडे कशाला आलो असतो?"

दातांवर मी कधी संशयच घेतला नाही. माणसाला ज्याचा अभिमान असतो त्यात खोट शोधायला तो सगळ्यात शेवटी जातो.

काही आठवड्यांनी दादाने यायचं बंद केलं. एक दिवस वहिनीचा फोन आला. "ट्रम्पेट पलंगाखाली गेलाय," ती म्हणाली. "हा दिवसभर खिडकीत बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे मीटर तपासल्यासारखा बघतो. जेवण वाढलं तर जेवतो. मला भीती वाटते गं. तुझ्याकडे पाठवते, तुझ्या त्या पसाऱ्यात बसव कुठंतरी."

आला. स्टुलावर बसला आणि पहिल्या दिवसापासून माझ्या प्रत्येक वस्तूची हजेरी घेऊ लागला. "माशाला शेपूट का नाही?" "या पुस्तकाला पाठ का नाही?" "हे चाक कधी फिरणार?" मी म्हटलं, जिवंत आहे म्हणजे. चेष्टा करतोय तोवर काळजी नाही. मी त्याच्यापुढे माती ठेवली. त्याने तिच्याकडे बघितलं. ब्रश ठेवला, तो बाजूला सारला. सुतारकामाची कानस दिली तर म्हणाला, "मला ट्रम्पेट येतो. बाकी काही येत नाही आणि यायला नको."

"अरे, येत नाही म्हणूनच कर ना. गंमत त्यातच असते."

"तुला असेल. तू सगळ्याला हात लावतेस म्हणून तुला काही धड येत नाही. मी एकाच गोष्टीला हात लावला."

"आणि ती गेली तर?" मी म्हणाले.

शब्द तोंडातून निघाले आणि मला माझीच जीभ हासडावीशी वाटली. खाली मान घालून दादाने हाताचे पंजे गुडघ्यांवर ठेवले. उजव्या हाताची तीन बोटं तेवढी आपोआप खालीवर होत होती, ट्रम्पेटच्या कळांवर होतात तशी. मी माफी मागायला हवी होती. ते मला जमत नाही, म्हणून मी कागद ओढला आणि म्हणाले, "हलू नकोस. तुझा चेहरा काढते."

त्याला बसून राहायचंच होतं, त्यामुळे माझं मॉडेल फुकटात झालं. मन लावून काढला. डोळे जमले, भुवया जमल्या, नाक तर हुबेहूब. त्याला जबरदस्तीने हसायला लावून तोंडही काढलं. तो गेल्यावर चित्र भिंतीला टेकवून बघितलं तर तो दादा नव्हताच. दादाचा कुणीतरी चांगला वळण लावलेला मावसभाऊ असावा तसा माणूस होता.

नवरा शाळेतून आला. तो भूगोल शिकवतो, चेहऱ्यांतलं त्याला काही कळत नाही, पण डोळे शाबूत आहेत.

"कोण आहे हा?" त्याने विचारलं.

"अहो, दादा आहे!"

"असं? मला वाटलं तुझ्या दातांच्या जाहिरातीतला माणूस."

चिडून मी पेन्सिल घेतली आणि पुन्हा बघायला लागले. चित्रकलेच्या बाई शिकवतात की ओळखीचा चेहरा काढताना ओळख विसरायची आणि फक्त रेषा बघायच्या. तशी मी माझ्याच कागदावरची रेष न् रेष बघत ओठांपर्यंत आले. दादाच्या वरच्या ओठावर ट्रम्पेटच्या माउथपीसचा जुना गोल वण आहे. इतकी वर्षं तिथे दाबून दाबून पडलेला. मी तो दिसला तसाच काढला होता, आणि तो मधोमध नव्हता. चांगला डावीकडे होता. त्या वाकड्या दाताच्या बरोबर वर.

मी पेन्सिल खाली ठेवली. शिकवणीच्या सहा महिन्यांत तो मला रोज ओरडायचा, "मधोमध धर, माझं बघून वाकडं धरू नकोस, माझं तोंडच तसं आहे!" हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्या पुढे आलेल्या दाताला टेकून त्याचा माउथपीस बसायचा. लहानपणापासूनचा प्रत्येक सूर त्या दाताच्या आधाराने निघालेला. आणि मी, शहाणीने, तो दात सरळ केला. दिवसभर वाकडं दिसलं की सरळ करायचं एवढंच करत आलेला हात माझा, त्याने भावाचं तोंडही नीटनेटकं करून टाकलं.

"काय झालं?" नवरा म्हणाला.

"मी त्याचा ट्रम्पेट मोडला," मी म्हणाले. "शिडी आणा."

कारण दात पुन्हा वाकडा करायचा तर किती वाकडा? कुठल्या बाजूला वळलेला, किती पुढे, खाली किती उतरलेला? फोटोंत दादाचे ओठ मिटलेले. आठवणीवरून केला असता तर पुन्हा फुस्स. पण माझ्या त्या बाहुल्यांच्या दिवसांत मी एक मोठा हसरा बाहुला करायला घेतला होता, माणसाएवढ्या डोक्याचा. हसरा म्हणजे त्याला दात हवेत, आणि दात म्हणजे कुणाचेतरी हवेत. दादा तेव्हा आयताच समोर होता. त्याला गोड बोलून मी त्याच्या तोंडाचा ठसा घेतला, प्लास्टरचे दात ओतले आणि बाहुल्याच्या जबड्यात चिकटवून टाकले. दादाने तो बाहुला बघितला मात्र, त्याचा चेहरा पडला. "जे मी जगापासून लपवतो ते तू याच्या तोंडात मांडून ठेवलंस? फेकून दे हे भूत." मी हो म्हणाले. आणि भूत माळ्यावर टाकलं.

माळ्यावर आमच्या संसारातलं सगळं न लागणारं सामान आहे, ते बाजूला सारून नवऱ्याने बाहुला खाली दिला. धुळीने भरलेला, एका हाताचा. डावा हात करायचा राहिला होता, कारण तेवढ्यात मला पुस्तकबांधणी आवडायला लागली होती. पण तोंड शाबूत होतं. तो दादाच्या तोंडाने माझ्याकडे बघून खुशाल हसत होता. मी त्याचा मुका घेतला. नवरा शिडीवरून म्हणाला, "आता मलाही माळ्यावर ठेव."

दात काढायला बाहुल्याचा जबडा करवतीने कापावा लागला. ते माझ्या जिवावर आलं, पण इलाज नव्हता. प्लास्टरचे ते दात मी दादाच्या नव्या ठशाशेजारी ठेवले, मागच्या खऱ्या दातांवरून दोन्हींचा मेळ घातला आणि मेणात पहिल्यापासून सुरुवात केली. वाकडा दात सरळ करणं माझ्या हातचा मळ आहे. सरळ दात वाकडा करणं म्हणजे काय, ते मला त्या दिवसांत कळलं. हात सारखा सुधारायला जायचा. मी त्याला मोठ्याने दटावत होते. डॉक्टरीणबाई कामासाठी आल्या, त्यांनी मेणातला नमुना बघितला आणि क्षणभर माझ्या तब्येतीची चौकशी करावी की काय अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. सगळं सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "मग आणखी एक गोष्ट बघा, तो दात मागूनही तेवढाच भक्कम हवा. सगळा जोर त्यावर येणार." ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी मागून आधार दिला.

दादाला बोलावलं तेव्हा तो यायला तयार नव्हता. वहिनीने त्याला ट्रम्पेटसकट माझ्या दारात आणून सोडलं. मी त्याच्या हातात कवळी ठेवली. त्याने ती उजेडाकडे धरली आणि त्याचे कान लाल झाले.

"हे काय आहे?"

"तुझे दात."

"तुला कुठे मिळाले?"

मी कोपऱ्यातल्या बाहुल्याकडे बोट दाखवलं. बोळकं पसरून बसला होता बिचारा.

"तू तो फेकला नव्हतास?"

"नाही."

"खोटं बोललीस?"

"हो. आता लाव."

त्याने पाठ फिरवून लावले. आरसा मागितला नाही. ट्रम्पेट उचलला आणि माउथपीस ओठाला लावला, नेहमीच्या जागी, जरा डावीकडे. पहिला सूर भसाडा आला, पण तुटला नाही. दादा थांबला. ओठ ओले केले आणि पुन्हा तोच सूर लावला. आता तो लांबत गेला, लांबत गेला, खिडकीतला बिनशेपटीचा मासा त्याने थरथरायला लागला. वहिनी म्हणाली, "आला!" आणि मला रडू फुटलं, चांगलं हुंदके देऊन.

"गप्प बसा दोघी," दादा म्हणाला. "मला वरचा बघू दे."

वरचा त्या दिवशी आला नाही. तो यायला पुढचे कितीतरी दिवस गेले. ओठांची ताकद गेली होती, ती सकाळ-संध्याकाळ घासून परत आणावी लागली. पण बागेतल्या पहिल्या कार्यक्रमाला पहिल्या खुर्चीवर दादा बसला होता. त्याच्या एकट्याच्या तुकड्यात वरच्या सुरावर आवाज किंचित हलला, ते फक्त मला आणि बँडमास्तरला कळलं असेल. शेवटी लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तो उभा राहिला आणि हसला. फाटक सताड उघडं. मी शिट्टी वाजवली. नवरा माझ्यापासून दोन खुर्च्या लांब जाऊन बसला.

मला वाटलं, संपलं. आता हा पुन्हा त्याच्या ट्रम्पेटला आणि मी माझ्या पसाऱ्याला. आणि कुणी म्हणू नये की बघा, तुझ्या उद्योगांचा शेवटी उपयोग झाला. उपयोगासाठी मी कधी काही केलं नाही. बाहुला मला करावासा वाटला म्हणून केला होता.

दोन दिवसांनी सकाळी मी एक कवळी घासत बसले होते तर दारात दादा. ट्रम्पेट नव्हता. खिशातून रुमाल काढून त्याने टेबलावर उलगडला. आत मी केलेले ते पहिले चार सरळ दात होते.

"हे याला बसव," तो बाहुल्याकडे बघत म्हणाला. "त्याचे मी घेतले. त्याला असं ठेवणं बरं नाही."

"याला फार छान दिसतील."

"दिसू देत. मला नव्हते शोभत." तो स्टुलावर बसला. बाहुल्याचं अंग उलटंसुलटं करून बघू लागला. रिकाम्या खांद्यावर त्याचं बोट थांबलं. "याचा डावा हात?"

"राहिला."

मी टोमण्याची वाट बघत होते. तो आला नाही. दादा त्या खांद्यावरची धूळ पुसू लागला. मग म्हणाला, "त्या दिवशी तू म्हणालीस ना, ती गेली तर. मी खिडकीत बसून त्याच्यावरच विचार करत होतो. गेली होती ती. मी घरात होतो आणि मला माझ्याजवळ काहीच सापडत नव्हतं."

"दादा, मी तसं बोलायला नको होतं."

"बरोबर बोललीस. लाकूड कुठाय?"

मी त्याला लाकडाचा तुकडा दिला, पटाशी दिली, कानस दिली. पटाशी त्याने उलटी धरली. ती सुलटी करून दिली तर ठोकळा शिकंज्यातून निसटून थेट कोपऱ्यात गेला. तो ओणवा होऊन घेऊन आला. दुपारपर्यंत त्याने अंगठ्याला दोन ठिकाणी चिंधी बांधली होती आणि लाकडाचा एक चमचा तयार झाला होता. निदान मला तरी तो चमचाच वाटला.

"हा हात आहे?" मी विचारलं.

"होईल." तो त्या चमच्याकडे कौतुकाने बघत होता. केसांत भुसा, चष्म्यावर भुसा. बँडमधल्या कुणी त्याला असा पाहिला असता तर ओळखला नसता. "मला हे नीट यायला किती दिवस लागतील?"

"दिवस? तुझा हात बघता मला वाटतं वर्षं जातील."

दादाने वर बघितलं आणि तोंडभर हसला, वाकड्या दातासकट.

"बरं झालं," तो म्हणाला.